धागा: कादंबरीवर सिनेमा निघतो, तेव्हा माळवद (मातीचं सपाट छप्पर), माती आणि बोली नेमकी कुठं सांडते?

माळवद (धागाकर्ता)

आवडत्या कादंबरीवर सिनेमा येणार म्हटलं की पोस्टर फिरवणारे आपणच आणि पहिला खेळ सुटल्यावर "पार वाट लावली" म्हणणारेही आपणच. वाट लावली हे खरं असेल, पण कोणत्या पायरीवर लावली ते कुणी सांगत नाही. या धाग्यात तेवढंच करू. "पुस्तक ते पुस्तकच" हे वाक्य इथं बंद. मराठवाड्यातल्या कथांवर जास्त बोलू, कारण आपल्याकडच्या गोष्टी बिघडण्याची तऱ्हाच वेगळी आहे.

सुरुवातीला माझं म्हणणं टाकतो, खोडायचं तर खोडा. गाळलेल्या प्रसंगांवर आपण फार चिडतो, आणि तो राग चुकीच्या दारात घालतो. प्रसंग गाळावेच लागतात. सांगणाऱ्याचा आवाज, बोली आणि गावची माती टिकवायला हवी होती. पण पटकथेच्या कागदावर या तिन्हींना रकाना नसतो, म्हणून सगळ्यात आधी त्याच जातात.

हिशेबी

प्रसंग का गाळावे लागतात याचं गणित मांडतो. तीनशे पानांची कादंबरी घ्या. पानाला २७० शब्द धरले तर ८१ हजार शब्द. मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या गतीनं मोठ्यानं वाचली तर जवळजवळ ११ तास. पटकथेचा ढोबळ हिशेब पानाला एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाची पटकथा ११० ते १२० पानांची, पानावर मोकळी जागा भरपूर, त्यामुळे शब्द १८ ते २० हजार. म्हणजे पाव हिस्सा, आणि त्यातही कोण कुठून आलं, कुठं बसलं हे लिहिण्यात बरेच शब्द जातात. सरासरी दृश्य दीड-दोन मिनिटांचं धरलं तर हातात साठ ते ऐंशी दृश्यं उरतात.

म्हणून पटकथाकार पहिल्यांदा पात्रं जोडतो. दोन मावश्यांची एक मावशी, तीन मित्रांचे दोन. यात गैर काही नाही. घोळ होतो तो काम सारखं दिसतं म्हणून भलतीच पात्रं जोडल्यावर. नायकाला सल्ला देणारा चुलता आणि सल्ला देणारा न्हावी एक केले, तर दहा मिनिटं वाचतात, पण गावातली जात आणि घरातलं नातं दोन्ही एकदम पुसलं जातं. चुलत्यानं ऐकवलेलं आणि न्हाव्यानं ऐकवलेलं सारखं नसतं. चुलता वाटणीचा धनी असतो आणि न्हावी बलुत्यावर जगतो. आपल्याकडच्या कादंबऱ्यांत निम्मा ताण याच फरकावर उभा असतो.

तिफण

मग वेब मालिका करा की भाऊ. आठ भाग, चाळीस मिनिटांचे. झाली ना ३२० मिनिटं?

हिशेबी

@तिफण जागा वाढते, पण नवी अडचण येते. प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षक अडकला पाहिजे, म्हणून आठ ठिकाणी टोक काढावं लागतं. कादंबरीचं प्रकरण बऱ्याचदा शांतपणे संपतं. कुणी कंदील विझवतो, कुणी बाजेवर कूस बदलतो. तिथं मग फोन वाजतो नाहीतर दारावर थाप पडते. मूळ पुस्तकात नसलेल्या या थापा मोजा, बिघाडाचा अंदाज येतो.

रोजच्या मालिकेचं तर विचारूच नका. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला ५७० मिनिटांच्या आसपास. अकरा तासांची कादंबरी सगळीच्या सगळी वापरली तरी पाच आठवड्यांत संपली. पुढच्या दोन वर्षांची नणंद कुठून येते ते आता कळलं असेल.

चौकट

उलटा रस्ताही आहे. कादंबरीचा एकच तुकडा घ्यायचा आणि तो पुरा रांधायचा. सत्यजित राय यांनी १९५५ साली 'पथेर पांचाली' केला, तेव्हा कुटुंब गाव सोडतं तिथंच सिनेमा थांबवला. कादंबरी त्याच्या पुढं काशीपर्यंत जाते. तो भाग १९५६च्या 'अपराजितो'मध्ये आला. आणि बरोब्बर याच्या उलट उदाहरण 'सिंहासन'चं, १९७९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', एका सिनेमात बसवल्या. पटकथा तेंडुलकरांची. इतकी माणसं असूनही गुंता होत नाही, कारण दिगू हा पत्रकार सगळीकडे फिरतो आणि आपण त्याच्या मागं फिरतो. आधी असा एक माणूस शोधायचा. तो सापडला नाही तर दोन कादंबऱ्या सोडा, एकसुद्धा घेऊ नये.

गोदाकाठची

आवाजाच्या मुद्द्यावर येते. समजा कादंबरीत असं वाक्य आहे:

"त्या साली मिरग कोरडा गेला, आन् आखाड लागायच्या आत आमच्या दावणीचा एक बैल बाजार बघून आला, तो परत आलाच न्हाई."

याचं दृश्य तीन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा, पडद्यामागून हेच वाक्य बोलायचं आणि खाली भेगाळलेली जमीन दाखवायची. ही सगळ्यात स्वस्त. वाक्य वाचतं, पण चित्राला काही काम राहत नाही. आणि सिनेमाभर दहा-बारा वेळा असं झालं की प्रेक्षक रेडिओ ऐकतोय असं होतं.

दुसरी तऱ्हा, संवादात घालायचं. बायको नवऱ्याला म्हणते, "यंदा पाऊस नाही पडला, म्हणून आपल्याला बैल विकावा लागला." ही सगळ्यात वाईट. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट ते एकमेकांना कशाला सांगतील? आपल्याकडच्या खेड्यातल्या सिनेमांत ही चूक दर पाच मिनिटाला सापडते.

तिसरी तऱ्हा, वस्तूवर टाकायचं. गोठ्यात दोन दावी. एक बैल. पोरगं सवयीनं दोन ठिकाणी वैरण टाकतं, मग दुसऱ्या ठिकाणची उचलून पहिल्यापुढं सरकवतं. बापाकडं बघत नाही. वीस सेकंद. संवाद शून्य. पुढं पेरणीला शेजाऱ्याच्या बैलाशी सावड (आळीपाळीनं दोघांच्या शेतात काम) केलेली दाखवली की बैल विकला हे पक्कं होतं.

पण तिसऱ्या तऱ्हेतही "बाजार बघून आला" मधला तो कडू विनोद हरवलाच. तो सांगणाऱ्याच्या जिभेवर होता. म्हणून निवेदन सगळंच काढू नये, सगळंच ठेवूही नये. माहिती देणारी वाक्यं चित्रावर टाकावीत. चावा असलेली पाच-सात वाक्यं निवडून आवाजात ठेवावीत, आणि त्या वेळी चित्रात काहीतरी वेगळंच चालू असावं. निवेदन गाण्यातही जाऊ शकतं. 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) गोनीदांची (गो. नी. दांडेकर) कथा गाण्यांवरूनच पुढं सरकते, आणि ती गाणी सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याच्या कवी ना. धों. महानोरांनी लिहिली. तिथं गाणी मध्येच थांबून नाचायला नव्हती.

उदगीरकर

बोलीचं सांगा कुणीतरी. सिनेमातला प्रत्येक खेडूत "आलोया, गेलोया, काय रं भावा" असं बोलतो. गाव दाखवतात बीडचं.

गोदाकाठची

@उदगीरकर दादा, तुम्हीच सांगा की. तुमच्याकडचं तुमच्याइतकं कुणाला येणार.

उदगीरकर

बरं, सांगतो. मराठवाड्याची बोली म्हणून एकच बोली नाही, इथूनच गडबड सुरू होते. "काय करतोयस" याला बीड-धाराशिवकडं "काय करायलास". उदगीर, निलंगा, देगलूरकडं "काय करलालास". जालन्याकडून वर सरकलं की वऱ्हाडी-खानदेशी वळण लागतं, "काय करू राहिला". "का" ला कुठं "काहून", कुठं "कामून". आलोया-गेलोया हे पश्चिम महाराष्ट्राकडचं, इथलं "आलाव, गेलाव, चाललाव". देगलूर-बिलोलीला तेलुगू मिसळते, उदगीरला कन्नड, आणि निजामाच्या राज्यामुळं उर्दू-दखनी सगळीकडं.

लेखक हे सगळं नेमकं लिहितो. बिघडतं ते पुढच्या तीन टप्प्यांवर. संवाद लिहिणारा पुण्या-मुंबईचा असेल तर तो शब्द ग्रामीण करतो, "लई" आणि "न्हाई" पेरतो, पण क्रियापद प्रमाण ठेवतो. मग कलावंत त्याला येत असलेला ग्रामीण हेल लावतो, तो बहुधा कोल्हापूर-साताऱ्याचा असतो. आणि शेवटी डबिंग. चित्रीकरणाच्या वेळी गावातल्या माणसांत राहून जीभ थोडी वळलेली असते, दोन-तीन महिन्यांनी बंद खोलीत पुन्हा बोलताना ती सरळ होते. चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरला तर निदान हा तिसरा टप्पा तरी टळतो.

उपाय फार खर्चाचा नाही. एक तालुका ठरवा. त्या तालुक्यातल्या एका बाईकडून आणि एका बाप्याकडून सगळे संवाद सावकाश एकदा आणि रोजच्या वेगानं एकदा असे वाचून घ्या. ध्वनिफीत कलावंतांना निदान तीन आठवडे आधी द्या. डबिंगला तोच माणूस शेजारी बसवा. आणि सगळ्यांनी सारखं बोलायची गरज नाही. माहेर नांदेडकडचं असलेली सून सासरी वेगळी बोलणारच. ते लेखकानं लिहिलेलं असतं, संकलनात ते 'चूक' म्हणून पुसू नका.

तिफण

इतकी घट्ट बोली ठेवली तर ठाण्याच्या प्रेक्षकाला कळायचं कसं? तोट्यात जाणार तो निर्माता, आपण नाही.

उदगीरकर

प्रश्न रास्त आहे. क्रियापदं आणि हेल ठेवा, ते दोन मिनिटांत कानाला बसतात. अडतात ती नामं. तिथं वस्तू चित्रात दाखवा. "बळदातून जवारी काढ" म्हणताना बळद दिसत असेल तर शब्दकोश लागत नाही. वस्तू दिसत नसेल तेव्हाच शब्द सोपा करा.

माळवद

आता माती. यावर जरा लांब लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते आणि सगळ्यात सोपं दुरुस्त होण्यासारखंही हेच आहे.

मराठवाड्याची म्हणून दाखवलेली गावं बऱ्याचदा वाई-भोरकडची असतात. कारण उघड आहे. कॅमेरा, दिवे, जनरेटर मुंबईहून भाड्यानं येतात, त्यांचं आणि माणसांचं प्रवासाच्या दिवसांचंही भाडं लागतं, आणि तिकडं युनिटला राहायची सोय तयार असते. पण मग पडद्यावर काय येतं? मागं हिरवे उंच डोंगर आणि उतरत्या कौलांची घरं. आपल्याकडं काळी माती, बाभळी-लिंब, बालाघाटचे बुटके माथे, आणि सपाट धाब्याची घरं.

माळवद हे नुसतं दिसण्याचं नाही, कथेत त्याला काम असतं. लाकडी तुळया, त्यावर आडव्या फळ्या-काटक्या, वर जाड मातीचा थर. त्यावर उन्हाळ्यात निजतात, मिरच्या-सांडगे वाळतात, शेजारणी माळवदावरून माळवदावर बोलतात, पोरं एका घरातून तिसऱ्या घरात जातात. कादंबरीत चोरून भेटलेली दोघं माळवदावर भेटत असतील आणि तुम्ही कौलारू घर घेतलं, तर ती भेट आता विहिरीवर नेण्याशिवाय गत्यंतर नाही. विहिरीवरची भेट गावाला दिसते. म्हणजे पुढचा सगळा प्रसंग बदलला. लोक म्हणतात दिग्दर्शकानं कथा बदलली. कथा घरानं बदलली!

आवाजाचंही तसंच. पावसात पत्रा वाजतो, मातीचं जाड माळवद वाजत नाही. आत बसलेल्याला पाऊस पन्हाळीतून पडणाऱ्या धारेनं कळतो, आणि पुष्कळ वेळानं एका कोपऱ्यातून ठिबक सुरू होते. ध्वनी करणारे मात्र तयार साठ्यातला तडतडाट लावून मोकळे.

काळ दाखवताना तारखा जवळ ठेवा. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, जालना १९८१ साली, हिंगोली १९९९ साली. १९७५ सालच्या कथेत 'जि. लातूर' असा फलक लागला तर गेलं. विद्यापीठ १९५८ पासून 'मराठवाडा विद्यापीठ', नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. सत्तरीतल्या विद्यार्थ्यांच्या कादंबरीत कमानीवरचं नाव हा सजावटीचा भाग नसतो, कथेचा असतो. रेल्वे: मनमाड-परभणी-नांदेड हा रस्ता निजामाच्या काळापासून पुढं कित्येक वर्षं मीटरगेज होता, रुळांत एक मीटर अंतर. लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वे त्याहून अरुंद होती, ७६२ मिलिमीटर. रुंद रुळावरचा आजचा डबा रंगवून १९५०चं परभणी होत नाही, त्यापेक्षा गाडी दाखवूच नका, शिट्टी ऐकवा. १९४८च्या आधीची कथा असेल तर दप्तर उर्दूतलं आणि नाणं हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन. आणि किल्लारीच्या भागातली कथा असेल तर ३० सप्टेंबर १९९३च्या आधीची की नंतरची हे पहिल्यांदा ठरवा. पुनर्वसित गावांत सरळ आखलेले रस्ते आणि सुटी घरं आहेत. तिथं भूकंपाआधीची गल्लीबोळांची कथा घडवता येत नाही.

हंगाम हे शेवटचं. चित्रीकरण तीस-चाळीस दिवसांत उरकतात, कथा वर्षभराची असते. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगंमागं लागते, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चात. ऊसतोडीला गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. बीड जिल्ह्यातल्या गावात जानेवारीत गच्च भरलेला पार दाखवला तर तिथला माणूस विचारणार, ही मंडळी तोडीला गेली नाहीत का? एकदम शक्य नसेल तर दोन खेपा करा. एक नोव्हेंबर-डिसेंबरची दहा-बारा दिवसांची, बाकी मे महिन्यात.

चौकट

गावाच्या मुद्द्यावर 'गाइड' आठवला. आर. के. नारायण यांची कादंबरी मालगुडीची, दक्षिणेतल्या छोट्या गावाची. १९६५चा हिंदी सिनेमा ती राजस्थानात घेऊन गेला. नारायण यांना ते रुचलं नाही, त्यांनी त्यावर लेखही लिहिला. पण आपल्याला खुपायला हवं ते शेवटचं. दुष्काळ, पावसासाठी उपास. कादंबरीत राजू म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, आणि खाली बसतो. पाऊस खरंच आला की नाही, लेखक सांगत नाही. सिनेमात धो धो पडतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरच्या प्रेक्षकाला या दोन शेवटांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

तिफण

सिनेमातला पाऊस मला आवडतो. बदल केला म्हणून वाईटच का? शेवट उघडा ठेवणं कागदावर सोपं. थिएटरात अडीच तास दुष्काळ बघितलेला माणूस पाणी मागतोच.

चौकट

आवडू द्या की. गाणी तर मलाही पाठ आहेत. माझं म्हणणं एवढंच की हा बदल अडीच तासात बसत नव्हतं म्हणून झालेला नाही. तो निवड म्हणून झालाय. त्यामुळं जाब विचारायचा तर अशा बदलाचा विचारावा, गाळलेल्या मावशीचा नाही.

कलमकसाई

कायद्याचं कुणी बोललं नाही. लेखक गप्प का बसतात, असं विचारणाऱ्यांसाठी.

स्वामित्वहक्क कायदा १९५७चा. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०१० अखेर मोकळं झालं. त्याच्या आतल्या कादंबरीसाठी लेखी, सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर तो हक्क संपल्याचं कायदा मानतो. आपल्याकडं कोऱ्या जागांवर सह्या होतात, म्हणून हे पाठ असावं.

कलम ५७ महत्त्वाचं. हक्क विकल्यावरही लेखकाला आपलं नाव मागता येतं, आणि प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेता येते. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरच्या 'समय की धारा' या सिनेमाबद्दल याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालय गाठलं होतं, १९८६चा निकाल. मात्र "मला पटलं नाही" आणि "मोडतोड झाली" यात अंतर आहे, ते सिद्ध करावं लागतं.

त्यापेक्षा आधीच करारात तीन ओळी घाला. पटकथेचा अंतिम खर्डा चित्रीकरणाच्या किती दिवस आधी दाखवणार. शेवट आणि मुख्य पात्राची जात-गाव बदलायचं तर लेखी संमती. आणि श्रेयनामावलीत 'वर आधारित' की 'वरून प्रेरित', ते नक्की. दुसऱ्या शब्दाखाली काहीही खपतं.

गोदाकाठची

@कलमकसाई चौथी ओळ मी घालते. बोली कोणत्या तालुक्याची, हे करारात लिहा. उदगीरकर दादांचा वाचणारा माणूस निर्मात्याच्या खर्चानं.

हुरडा

उशिरा आलो. वर बळद आलंय, आमच्या शहरातल्या पोरांना ते आणि पेव एकच वाटतं. फरक सांगा ना कुणी, एका लघुपटासाठी हवाय.

माळवद

@हुरडा पेव जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं, आत कडबा-भुसकट लावून ज्वारी भरतात आणि तोंड मातीनं लिंपतात. बळद घरातलंच, वाड्यातली धान्य साठवायची बंदिस्त जागा, वरून भरायची. लघुपटात पेव उघडायचं दृश्य असेल तर एक ध्यानात ठेवा. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आतली हवा कोंदलेली असते, माणूस दगावतो. तोंड मोकळं करून बराच वेळ ठेवतात, मग कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात. पात्राला तोंड उघडताच उडी मारायला लावली, तर पहिल्या रांगेतला म्हातारा ओरडून सांगेल.

हुरडा

कंदिलाचं घेतो. सहा सेकंद वाढले तरी चालतील.